पायरीपाशी अडलेला हक्क

ऑक्टोबर २०२३. मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात एक जोडपं लग्नाची नोंद करायला गेलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. नवरी विराली मोदी चाकाच्या खुर्चीवर. सह्या घ्यायला कोणीतरी खाली यावं, एवढीच विनंती होती. कोणी आलं नाही. शेवटी नवरीला उचलून दोन जिने वर न्यावं लागलं. जिना चढाचा, कठडा गंजलेला आणि सैल. उचलणाऱ्याचा पाय घसरला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न विरालीनं नंतर समाजमाध्यमावर जाहीरपणे विचारला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि आपण स्वतः यात लक्ष घातल्याचं सांगितलं.

विराली मोदी ही रेल्वेगाड्या चाकाच्या खुर्चीला सोयीच्या व्हाव्यात म्हणून मोहीम चालवणारी, माध्यमांना माहीत असलेली कार्यकर्ती. म्हणून तिची बातमी झाली. तलाठ्याच्या कचेरीत, बँकेच्या शाखेत, पोस्टात, दवाखान्यात, शाळेत असे जिने रोज कोणा ना कोणाच्या वाट्याला येतात, त्यांची बातमी होत नाही. घरातला भाऊ किंवा मुलगा पाठीवर घेतो, शिपाई हात देतो, आणि काम झालं म्हणून सगळे साहेबाचे आभार मानून परततात.

या आभारातच खरी मेख आहे. ज्या दिवशी विरालीला उचलावं लागलं, त्या दिवशी सरकारी इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्याची कायद्यानं दिलेली मुदत उलटून वर्षाहून अधिक काळ गेला होता. तिथे लिफ्ट नसणं ही गैरसोय होतीच, पण त्याआधी ती कायद्याची पायमल्ली होती. आपल्याकडे मात्र अशा वेळी चर्चा होते ती माणुसकीची.

सात प्रकारांवरून एकवीस

अपंगांच्या हक्कांविषयीचा आपला पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला, १ ऑक्टोबर २००७ रोजी भारतानं तो स्वीकारला, आणि आपले कायदे त्या कराराशी जुळवून घेणं भाग पडलं. त्यातून ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे.

नव्या कायद्यात प्रकार एकवीस झाले. अंधत्व, कर्णबधिरता, चालण्यातली अडचण हे जुने होतेच. त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन्स, थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यानं आलेलं अपंगत्व यांची भर पडली. सिकलसेलचा समावेश विदर्भासाठी आणि राज्याच्या आदिवासी पट्ट्यासाठी महत्त्वाचा, कारण हा आजार तिथे घरोघरी ओळखीचा आहे.

सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झालं, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव झाल्या. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. आस्थापना खासगी असली तरी तिला समान संधीचं धोरण जाहीर करणं बंधनकारक झालं.

पण या कायद्यातला मोठा बदल त्याच्या व्याख्येत आहे. अपंगत्व फक्त शरीरात किंवा मनात असतं, असं हा कायदा मानत नाही. शरीरातली उणीव आणि समोरचा अडथळा यांची गाठ पडते तेव्हा माणूस इतरांच्या बरोबरीनं वावरू शकत नाही, अशी त्याची मांडणी आहे. पाय अधू असलेली बाई लिफ्ट असलेल्या इमारतीत अधिकारी म्हणून काम करते आणि जिन्याच्या इमारतीत तिला उचलून न्यावं लागतं. बाई तीच, पायही तेच. मग दुरुस्ती कुठे करायची, हे उघड आहे.

अशी दुरुस्ती करायला कायदा दोन वाटा सांगतो. पहिली सर्वांसाठीची: इमारत, बस, संकेतस्थळ, एटीएम मुळातच सर्वांना वापरता येईल असं बनवायचं. दुसरी त्या एका व्यक्तीपुरती: परीक्षेला लेखनिक, कार्यालयात बसायला तळमजल्यावरची जागा, संगणकावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. या दुसऱ्या प्रकाराला कायदा ‘वाजवी सोय’ मानतो आणि ती नाकारणं हा भेदभाव ठरवतो.

एका फुटाला बारा फूट

‘आमच्याकडे रॅम्प आहे’ हे वाक्य अनेक कार्यालयांत ऐकू येतं. तो रॅम्प किती उपयोगाचा, हे टेप लावून दोन मिनिटांत कळतं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं. म्हणजे एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट, आणि दीड फुटी जोत्याला अठरा फूट. जागा नाही म्हणून गवंडी तीच उंची चार-पाच फुटांत संपवतो. मग तयार होते ती घसरगुंडी. चाकाची खुर्ची तिच्यावर चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. उद्घाटनाच्या फोटोत ती दिसते, पुढे तिच्यावर दुचाक्या लावल्या जातात.

दारांचंही तसंच. चाकाची खुर्ची सहज आत जायला साधारण ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांचं दार लागतं, आणि ती जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटर मोकळी जागा. आपल्याकडच्या बहुतेक स्वच्छतागृहांचं दार अडीच फुटांचं असतं. त्यामुळे घराबाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणं, हा अनेक दिव्यांग स्त्रियांचा ठरलेला नेम असतो. मूत्रमार्गाच्या संसर्गाची मुळं अशी सुताराच्या मापात सापडतात.

असे बदल मनात आणले तर किती झटपट होतात, याचा पुरावा फार जुना आहे. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं भरवलेल्या परिषदेला त्यांनी हजेरी लावली आणि पुढे ते दिल्लीला गेले. तिथे त्यांना काही ऐतिहासिक वास्तू पाहायच्या होत्या. दिव्यांग हक्कांचे ज्येष्ठ कार्यकर्ते जावेद आबिदी यांनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्यानं कुतुबमिनारासह काही वास्तूंमध्ये लाकडी रॅम्प बसवले. आबिदी स्वतः चाकाच्या खुर्चीवर असत. वास्तूला धक्का लागेल, नियमांत बसत नाही, ही नेहमीची कारणं एका नामवंत पाहुण्यासाठी काही दिवसांत दूर झाली होती.

रस्त्यावरचा अनुभव आणखी बोलका आहे. दुचाक्या पदपथावर चढू नयेत म्हणून मुंबईत पदपथांच्या तोंडाशी खांब रोवले गेले. दोन खांबांमधलं अंतर इतकं कमी की चाकाची खुर्चीही आत जाईना. खुर्ची वापरणाऱ्या एका मुंबईकरानं ही तक्रार कळवल्यावर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि महापालिकेला उत्तर द्यावं लागलं. खांब रोवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पदपथ वापरणाऱ्यांची यादी करताना त्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीवरचा माणूस आलाच नाही, इतकंच.

स्टेशनांवर आणि पदपथांवर दिसणाऱ्या पिवळ्या उठावदार फरशांचीही गत वेगळी नाही. जपानच्या सेइइची मियाके यांनी काढलेल्या या फरशा १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. लांबट रेघांची फरशी सांगते, सरळ चालत राहा. गोल ठिपक्यांची सांगते, थांबा, पुढे पायऱ्या, वळण किंवा रस्ता आहे. पांढरी काठी वापरणारा माणूस पायाखालून आणि काठीच्या टोकानं ही लिपी वाचतो. आपल्याकडे ती रेघ कुठे झाडाच्या बुंध्यावर जाऊन थांबते, कुठे विजेच्या डीपीवर, तर कुठे वडापावच्या गाडीवर. ठेकेदारानं फरशा बसवल्या, बिल निघालं, आणि ज्याच्यासाठी बसवल्या त्याला कोणी एकदा चालवून पाहिलं नाही.

विमानातून खाली

१९ फेब्रुवारी २०१२. कोलकात्याच्या जीजा घोष यांना गोव्यातल्या एका परिषदेला जायचं होतं. परिषद दिव्यांगांच्या हक्कांविषयीच होती. त्या स्पाइसजेटच्या विमानात आपल्या जागेवर बसल्या आणि थोड्याच वेळात त्यांना खाली उतरवण्यात आलं. जीजा यांना सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं आणि हालचाल इतरांपेक्षा वेगळी दिसते. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी त्यावरून त्यांची तब्येत प्रवासाला योग्य नाही असं परस्पर ठरवलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मे २०१६ रोजी निकाल लागला, कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगण्यात आलं. रकमेपेक्षा निकालातला विचार पुढे अधिक उपयोगी पडला: दिव्यांग प्रवाशाला सन्मानानं वागवणं हा सौजन्याचा भाग नसून त्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. 

एका तासाची किंमत

सेवा म्हणजे फक्त इमारत आणि वाहन नव्हे. परीक्षा हीसुद्धा सेवा आहे आणि तिथे अडथळा घड्याळाचा असतो. नियमानुसार लिहिण्यात अडचण असलेल्या पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळायला हवीत. तीन तासांच्या पेपरला एक तास. २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेत लेखनदोष असलेल्या अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला हा तास केंद्रावर मिळाला नाही. प्रमाणपत्र होतं, नियम होता, केंद्रावरच्या लोकांना तो माहीत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा परीक्षा घ्यायला सांगितलं नाही, पण झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करायची ते ठरवा, असा आदेश परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला दिला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार. केंद्रीय लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला, कारण नियमांत बसणाऱ्या प्रकारांत ते मोडत नव्हते. न्यायालयानं सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. वाजवी सोय मागायला ती अट लावता येणार नाही. ज्याला गरज आहे, त्याला सोय मिळाली पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्रानं अशा उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

परीक्षा पास होऊनही दार बंद राहतं, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी अनुभवलं. वयाच्या सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरची अंध मुलींची कमला मेहता शाळा, सेंट झेवियर्स महाविद्यालय, मग दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असं शिक्षण झालं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं अभ्यास करून २०१६ मध्ये जाहीर झालेल्या नागरी सेवा परीक्षेच्या निकालात त्या ७७३ व्या आल्या. रेल्वेची लेखा सेवा मिळाली, आणि पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेनं त्यांना घेतलं नाही. पुढच्या परीक्षेत त्या १२४ व्या आल्या. केरळात एर्नाकुलमला सहायक जिल्हाधिकारी आणि नंतर तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. लेखा विभागाला जी अडचण वाटली, ती जिल्ह्याच्या कारभारात आडवी आली नाही.

आणि नियम स्वतःच स्वतःशी भांडतो तेव्हा? महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड या विद्यार्थ्याचं प्रकरण पाहण्यासारखं आहे. त्याला बोलण्यातलं आणि भाषेचं मिळून ४४-४५ टक्के अपंगत्व. वैद्यकीय प्रवेशाच्या राखीव जागेसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व हवं. पण त्याच नियमांत या प्रकाराचं अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असलं की उमेदवार एमबीबीएसला अपात्र. म्हणजे टक्के कमी असले तर राखीव जागा नाही, आणि जास्त असले तर प्रवेशच नाही. मुंबई उच्च न्यायालयात अंतरिम दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं नव्या मंडळाकडून तपासणी करवून घेतली, हा मुलगा वैद्यकीय शिक्षण घेऊ शकतो असं मंडळानं सांगितलं, आणि त्याला प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या सविस्तर निकालात न्यायालयानं म्हटलं की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून कोणालाही बाद करता येणार नाही. उमेदवार काय करू शकतो, हे मंडळानं तपासलं पाहिजे आणि नकार द्यायचा तर कारणं लिहून दिली पाहिजेत.

पापणी मिटवा

कामं ऑनलाइन झाली की जिन्यांचा प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटत होतं. झालं भलतंच. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना २०२३ मध्ये बँकेत खातं उघडायचं होतं. केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवून आपण जिवंत आहोत हे दाखवायचं होतं. हल्ल्यानंतर त्यांची पापणी मिटत नाही. यंत्र पुढे जाईना. अंध ग्राहकाचीही हीच रड: चेहरा चौकटीत आणा, असं मोबाइल सांगतो, पण चौकट आहे कुठे, हे कोण सांगणार?

दोन याचिका एकत्र चालल्या आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वीस निर्देश दिले. पापणी मिटण्याला दुसरा पर्याय द्या, कागदावरची केवायसी चालू ठेवा, संकेतस्थळं आणि ॲप दिव्यांगांना वापरता येतात की नाही याची ठरावीक काळानं तपासणी करा, असा त्यांचा आशय. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असंही न्यायालयानं म्हटलं. खातं नाही तर पेन्शन नाही, पेन्शन नाही तर औषध नाही, इतकी ही साखळी सरळ आहे.

कर्णबधिरांची अडचण याहून वेगळी. दवाखान्यात डॉक्टर रुग्णाशी न बोलता सोबतच्या आईशी किंवा भावाशी बोलतात. पोलीस ठाण्यात जबाब नोंदवायचा तर खुणांची भाषा कोणाला येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा देशभर त्याचं कौतुक झालं. जिल्हा न्यायालयात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असा दुभाष्या मागितला, तर मात्र कोणाकडे बोट दाखवायचं हे कोणालाच ठाऊक नसतं.

बोर्डाचा दिवस

हे सगळे हक्क मिळवायचे तर हातात एक कागद लागतो: अपंगत्वाचं प्रमाणपत्र. आता ते ऑनलाइन अर्ज करून, ‘यूडीआयडी’ या ओळखपत्रासह मिळतं. ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि त्यावर निळं. व्यवस्था सुटसुटीत दिसते. पण तपासणीला सिव्हिल रुग्णालयात जावंच लागतं. तिथल्या वैद्यकीय बोर्डाचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी हाडांचे डॉक्टर असतात तर कानाचे नसतात, कानाची तपासणी करणारं यंत्र असतं तर ते चालवणारा नसतो. मानसिक आजाराची किंवा स्वमग्नतेची तपासणी करणारे तज्ज्ञ सगळ्या जिल्ह्यांत नाहीत. दुर्गम पाड्यावरून पहाटे निघालेलं कुटुंब संध्याकाळी ‘पुढच्या बोर्डाला या’ एवढं ऐकून परततं. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, आणि सोबत आलेल्या माणसाचाही दिवस जातो.

राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१८ मध्ये गोळा केलेले आकडे ही गळती दाखवतात. दिव्यांगांपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होतं. सरकारी मदत मिळालेले २१.८ टक्के, आणि कुठलीही मदत न मिळालेले ७६.४ टक्के. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा प्रकारही आठच मोजले होते. प्रत्यक्षातला आकडा मोठा असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सहा माणसांमागे एकाला काही ना काही लक्षणीय अपंगत्व असतं.

बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी या रांगेत आणखी काटे पसरले. खोटी कागदपत्रं दाखवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे, आणि ती वापरली पाहिजे. पण प्रत्येक गाजलेल्या बनावट प्रकरणानंतर फेरतपासणीचे हेलपाटे खऱ्या दिव्यांगांना पडतात. ज्याचा पाय वीस वर्षांपूर्वी गुडघ्यापासून कापला आहे, त्याला तो अजून नाही हे पुन्हा सिद्ध करावं लागतं.

पैसे आहेत कुठे?

‘निराधारचे पैसे’ या नावानं खेड्यापाड्यांत ओळखल्या जाणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा १५०० रुपये मिळत. २०२५ मध्ये ही रक्कम २५०० करण्याचा निर्णय झाला. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनात दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला मिळणारे दरमहा ३०० रुपये मात्र अनेक वर्षं तसेच आहेत. महिनाभराचे डायपर किंवा फिट्सच्या गोळ्या यांचा हिशेब ज्या घरात होतो, तिथे या आकड्यांचं वजन लगेच कळतं.

काही योजना केवळ माहिती नसल्यानं वापरल्या जात नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. अशा मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की आईबाप कायद्याच्या दृष्टीनं आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. बँकेतलं खातं अडलं किंवा वारसाचा वाद आला, की हे घरात कळतं.

आणि सर्वांत कमी बोलली जाणारी रक्कम गावातच पडून असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा नियम आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. हा निधी वेळेवर खर्च व्हावा यासाठी दिव्यांगांच्या संघटनांना ठिकठिकाणी वारंवार आंदोलनं करावी लागली. राज्यानं ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं काढलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य, असं तेव्हा सांगण्यात आलं. खातं वेगळं झालं, तरी पैसा ज्या ग्रामपंचायतीच्या वहीत आहे, तिथला हिशेब गावालाच मागावा लागतो.

‘करावे’ आणि ‘करता येईल’

राजीव रतुरी हे दृष्टिबाधित कार्यकर्ते २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. रस्ते, वाहनं, सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता याव्यात, एवढं त्यांचं मागणं. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं सरकारांना मुदती घालून दिल्या. मुदती टळत गेल्या. मग न्यायालयानं हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांग अभ्यास केंद्राकडून प्रत्यक्ष स्थितीचा अहवाल मागवला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी जो निकाल आला, त्यात दुखण्याचं मूळ सापडलं.

२०१६ चा कायदा म्हणतो, सुगम्यतेचे, म्हणजे सर्वांना वापरता येण्याचे, नियम पाळलेच पाहिजेत. जुन्या इमारतींना त्यानं पाच वर्षं दिली, नव्या इमारतीला हे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही असं बजावलं, उल्लंघनाला पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड सांगितला. पण २०१७ मध्ये केंद्रानं जे नियम केले, त्यांतल्या पंधराव्या नियमानं हे सगळं मार्गदर्शक तत्त्वांच्या हवाली केलं. तत्त्वांची भाषा शिफारशीची. त्यामुळे सक्ती कायद्यात राहिली आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचेपर्यंत तिची सूचना झाली. न्यायालयानं हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान अटी सक्तीच्या करणारे नवे नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. याचिका दाखल झाल्यापासून तोवर एकोणीस वर्षं गेली होती.

वर आलेली प्रकरणं एकत्र ठेवली की एक गोष्ट लपत नाही. जीजा घोष, विकास कुमार, अवनी प्रकाश, ओमकार गोंड, प्रज्ञा प्रसून यांनी नवं काही मागितलं नव्हतं. विमानातली जागा, परीक्षेतला तास, कॉलेजातला प्रवेश, बँकेतलं खातं, सगळं आधीच त्यांचं होतं. ते मिळवायला देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जाण्याइतकी हिंमत आणि साथ त्यांच्यापाशी होती. ज्यांच्यापाशी ती नाही, त्यांच्यासाठी हक्क पहिल्या पायरीशीच थांबतो, आणि हे अपयश त्यांच्या शरीराचं नाही, कारभाराचं आहे.

वाचकांना यात करण्यासारखं पुष्कळ आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत दिव्यांगांच्या ५ टक्के निधीचा वर्षाचा हिशेब मागा. आपल्या सोसायटीचं, शाळेचं, मंडळाच्या सभागृहाचं नवं बांधकाम होत असेल, तर नकाशातच एकास बाराचा उतार आणि तीन फुटांचं दार आहे का ते पाहा. नंतर फोडतोड करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. सरकारी कार्यालयात अडवणूक झाली तर तिथला तक्रार निवारण अधिकारी कोण, हे लेखी विचारा. असा अधिकारी नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावं लागतं, आणि तिथे तक्रार करायला वकील असणं सक्तीचं नाही.